मुलांचे तयार आर्च सपोर्ट इनसोल: वजन जास्त असलेल्या मुलांसाठी घ्यावेत का?

मुलाचं वजन वयाच्या मानाने जास्त, तळवे सपाट, बुटाची टाच आतल्या बाजूने झिजलेली, आणि थोडं चाललं की पाय दुखतात म्हणून कुरकुर. पालक ऑनलाइन शोधायला बसले की पहिल्याच पानावर मुलांचे तयार आर्च सपोर्ट इनसोल, म्हणजे तळव्याच्या कमानीला टेकू देणारे बुटातले तळ, समोर येतात. खोक्यावरचा मजकूर जवळपास सगळ्यांचा सारखा असतो: सपाट तळव्यांवर उपाय, कमान घडवतो, गुडघे आणि कंबर वाचवतो, वय ३ ते १५.

इथे चार प्रकार पारखले आहेत: जेलचे, मऊ फोमचे, खोल टाचेचे घट्ट ईव्हीए (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) फोमचे आणि कडक प्लास्टिकचे पाऊण लांबीचे. निकाल आधीच सांगून टाकतो. चारपैकी एक प्रकार घेण्यासारखा आहे, तोही पाय दुखत असेल तरच. कमान घडवण्यासाठी म्हणाल तर चारही बाद. आणि बूट चुकीचा असेल तर चांगला इनसोलही वाया जातो.

कमान घडवण्याचा दावा

पायाच्या मागच्या निम्म्या भागात सात हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यांतली दोन-तीनच हाडाची झालेली असतात, बाकीची अजून कूर्चा. कमानीच्या माथ्यावर बसणारं नॅव्हिक्युलर हे हाड तर साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी हाडाचं व्हायला लागतं. त्यात लहान मुलांच्या सांध्यांचे बंध सैल, आणि कमानीच्या जागी चरबीची गादी. म्हणून तीन वर्षांच्या मुलाचा तळवा सपाट दिसणं हे दुखणं नव्हे. पहिल्या दहा वर्षांत कमान हळूहळू आपसूक वर येते.

ऑस्ट्रियात ३ ते ६ वयाच्या ८३५ मुलांचे पाय तपासले गेले, ती पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांच्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ५४ टक्के होतं, सहा वर्षांच्यांत २४ टक्के. वजनाप्रमाणे पाहिलं तर बेताच्या वजनाच्या मुलांत ४२ टक्के, जास्त वजनाच्या मुलांत ५१ आणि लठ्ठ मुलांत ६२. म्हणजे वजनाचा संबंध आहे, हे उघड आहे. पण आजार म्हणावा असे सपाट पाय एक टक्क्याहूनही कमी मुलांत निघाले, आणि तरीही तपासलेल्या सगळ्या मुलांपैकी १० टक्के मुलं आर्च सपोर्ट घालून फिरत होती. इनसोलचा धंदा कशावर चालतो, ते या दोन आकड्यांत दिसतं.

जाड मुलाचा तळवा खरंच सपाट असतो की नुसता मांसल, यावरही बराच वाद झाला. ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांच्या तळव्यांची अल्ट्रासाउंडने मोजणी केली तेव्हा दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या निघाल्या. लठ्ठ मुलांत कमानीखालची चरबीची गादी सरासरी ५.४ मिमी, सडपातळ मुलांत ४.६ मिमी. कमानीची उंची अनुक्रमे २३.५ आणि २४.५ मिमी. फरक आहे, पण सरासरीने एखाद्या मिलिमीटरचा. ओल्या पावलाचा ठसा फरशीवर उमटवून पाहिला की हाच फरक भयंकर वाटतो, कारण गादी जाड आणि वरून दाब जास्त, त्यामुळे मधली जागा भरून निघते. ठशावरून इनसोल विकणाऱ्यांचं फावतं ते इथेच.

मग इनसोल घातल्याने कमान लवकर येते का? १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत १ ते ६ वयाच्या मुलांचे चार गट केले होते: काहीच न दिलेले, ऑर्थोपेडिक बूट दिलेले, टाचेचा कप दिलेले आणि मापाने घडवलेला प्लास्टिकचा इनसोल दिलेले. तीन वर्षं वापर झाल्यावर एक्स-रे पाहिले. सगळ्या गटांचे पाय सुधारले होते, काहीच न दिलेल्या गटाचेही, आणि गटागटांत फरक नव्हता. खोक्यावरच्या 'वापरण्यापूर्वी' आणि 'वापरल्यानंतर'च्या फोटोंमधली जादू म्हणजे मूल मोठं झालेलं असतं, एवढीच.

मग इनसोलचं काम काय?

दुखणं कमी करणं. जास्त वजनाचं मूल चालतं तेव्हा चवड्याखाली आणि पायाच्या मध्यभागी जास्त दाब येतो, पावलं रुंद पडतात, पाय बाहेरच्या बाजूला वळलेले राहतात, टाच आतल्या बाजूला कलते. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका जोर जमिनीकडून परत येतो. हा सगळा भार आवरायला नडगीच्या आतल्या बाजूने उतरणारा स्नायू राबतो आणि संध्याकाळपर्यंत दमतो. पाय दुखले की मूल खेळत नाही, खेळलं नाही की वजन वाढतं. हे चक्र कुठेतरी तोडायला टाच सरळ धरणारा आधार मिळाला तर उपयोग होतो. दुखत नसेल, मूल पळतंय, उड्या मारतंय, तर तळवा कितीही सपाट दिसो, इनसोलला कामच नाही.

चार प्रकार, एकेक करून

जेलचे. हातात घेतले की मस्त वाटतात, आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. जेल दाबलं की बाजूला सरकतं. टाचेखाली धक्का थोडा शोषतं, पण आधार शून्य. जड मुलाची टाच त्यात आणखी डुगडुगते. शिवाय जेल वजनाला भारी, आणि आधीच थकणाऱ्या पायांना बुटाचं वजन वाढवून द्यायचं काही कारण नाही. नको.

मऊ फोमचे. बाजारात हेच सगळ्यांत जास्त दिसतात, रंगीबेरंगी, कार्टूनची चित्रं छापलेले. कमानीच्या उंचवट्यावर अंगठा ठेवून जोर लावा. उंचवटा खालपर्यंत चेपला तर मुलाच्या वजनाखाली तो नाहीच असं समजा. इथे या सगळ्या उत्पादनांतला मूळ दोष कळतो: माप बुटाच्या नंबरावर दिलेलं असतं, वजनाचा उल्लेख नसतो. नऊ वर्षांचं २८ किलोचं मूल आणि त्याच नंबरचा बूट घालणारं ४८ किलोचं मूल, दोघांना तोच फोम मिळतो. पहिल्याला तो जरा तरी टेकू देतो. दुसऱ्याच्या पायाखाली लवकरच बसतो, टाचेखाली खड्डा पडतो, आणि तो खड्डा आतल्या बाजूला जास्त खोल असतो. म्हणजे पाय जिकडे कलत होता तिकडेच आणखी कलायला जागा तयार होते.

कडक प्लास्टिकचे, पाऊण लांबीचे. वजन पेलण्याची ताकद यांच्यात असते, हे मान्य. पण तयार मालात वाकाची गोलाई मुलाच्या पायाशी क्वचितच जुळते. पुढची कड चवड्याच्या हाडांच्या मागे संपायला हवी. ती चवड्याखाली गेली की दर पावलाला टोचते. बुटात ते पुढे सरकतात. कमानीत लाल वळ उठतात, कधी फोड येतो. हा प्रकार ऑर्थोटिस्टने (शरीराला बाहेरून लावायचे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाने) पाय पाहून, साचा घेऊन बनवला तर ठीक. ऑनलाइन नंबर टाकून मागवायची ही वस्तू नाही.

घट्ट ईव्हीएचे, खोल टाचेच्या कपाचे. घ्यायचाच असेल तर हा. चांगला नग कसा ओळखायचा, हे जरा नीट पाहू.

टाचेचा कप मधोमध मोजा. काठापासून तळापर्यंत १५ मिमीच्या आसपास किंवा जास्त खोली हवी. उथळ कपातून जड टाच बाहेर सांडते. खोल कप टाचेची चरबीची गादी गोळा करून हाडाखाली धरून ठेवतो आणि टाच आतल्या बाजूला लोळू देत नाही. या इनसोलचं निम्म्याहून जास्त काम कप करतो, कमानीचा उंचवटा नव्हे.

उंचवट्याची जागा पाहा. सगळ्यांत उंच बिंदू टाचेच्या हाडाच्या लगेच पुढे, आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली येईल असा हवा. कित्येक नगांत तो बराच पुढे, पावलाच्या मध्यावर असतो. तिथे तो हाडाला उचलत नाही, मऊ भागात रुततो. मुलाला इनसोलवर उभं करून बाजूने पाहिलं की लगेच समजतं.

कडकपणा दोन ठिकाणी तपासा. मागचा भाग दोन्ही हातांनी पिळून पाहा, तो सहज पिळला जाऊ नये. पुढचा भाग मात्र चवड्यापाशी सहज वाकला पाहिजे. उलटं असेल, म्हणजे मागे लिबलिबीत आणि पुढे ताठ, तर परत करा. खाली टाचेपाशी सपाट, रुंद बैठक असलेला नग डुलत नाही. गोल तळाचा डुलतो.

शेवटची पारख मुलाला उभं करून. अनवाणी उभं करून मागून टाच पाहा, मग इनसोलवर उभं करून पाहा. टाचेची रेघ थोडी जरी सरळ झाली तरी इनसोल काम करतोय. पूर्ण सरळ व्हायची गरज नाही. लहान मुलांची टाच चार-पाच अंशांनी कलती असणं नेहमीचंच आहे.

आधी या तपासण्या करा

मुलाला चवड्यावर उभं राहायला सांगा. टाचा वर गेल्या की कमान दिसू लागली आणि टाचेचा कल जाऊन ती उलट दिशेला वळली, तर पाय लवचीक आहे. दुसरी तपासणी: मूल उभं असताना पायाचा अंगठा हाताने वर उचला, कमान वर यायला हवी. दोन्हींत पाय तसाच सपाट राहिला तर तो ताठ सपाट पाय. त्यात हाडं एकमेकांना जोडली गेलेली असू शकतात, आणि हे बहुधा ८ ते १६ या वयात जाणवायला लागतं. तिथे इनसोल नको, हाडांचे डॉक्टर हवेत.

पोटरी आखडलेली आहे का, हे सगळ्यांत जास्त वेळा पाहायचं राहून जातं. गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ढकला. काटकोनाच्या पुढे दहा अंशही जात नसेल तर पोटरी आखडली आहे. अशा मुलाचं पाऊल घोट्यात वाकत नाही, म्हणून मध्येच मोडतं. त्याच जागी खालून उंचवटा दिला की वरून शरीराचं वजन, खालून इनसोल, आणि मधे पाय चेपतो. इनसोल घातल्यावर दुखणं वाढलं, अशी तक्रार येते तिथे खूपदा हेच निघतं. आधी पोटरीचे ताण द्या: भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर, गुडघा सरळ, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीन वेळा, रोज. पाऊल किंचित आत वळवून ठेवा, नाहीतर मूल पाय बाहेर फिरवून पळवाट काढतं आणि ताण पोटरीऐवजी कमानीला बसतो.

८ ते १४ वयातलं मूल टाच दुखते म्हणालं आणि टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली, तर बहुतेक टाचेच्या वाढीच्या भागाची सूज असते. तिथे आर्च सपोर्टपेक्षा टाचेखाली ६ ते १० मिमीचा साधा उंचवटा, दोन्ही बुटांत सारखा, आणि उड्या-धावण्यात काही दिवस कपात, हे जास्त कामाला येतं.

आणि ही गोष्ट कुठल्याही खोक्यावर लिहिलेली नसते. दहा वर्षांच्या पुढचं जास्त वजनाचं मूल लंगडतंय, एक पाऊल बाहेर वळलंय, जांघेत, मांडीत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखतंय, तर खुब्याच्या सांध्यातलं वाढीचं टोक घसरलेलं असू शकतं. वाढत्या वयात लठ्ठपणा हे त्याचं मोठं कारण आहे. पाऊल वाकडं पडतंय म्हणून इनसोल मागवून तीन आठवडे वाट पाहण्यात सांध्याचं कायमचं नुकसान होऊ शकतं. अशा मुलाला चालवूही नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि खुब्याचा एक्स-रे मागा. एकाच पायात दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, सूज, पाय वेगाने सपाट होत जाणं, यांतलं काही असेल तरी इनसोलची खरेदी बाजूला ठेवा.

बूट: अर्धा निकाल इथे लागतो

जास्त वजनाच्या मुलांचं पाऊल रुंद असतं आणि वरूनही जाड असतं. नंबरप्रमाणे घेतलेला बूट आवळतो, मग दुकानदार एक-दोन नंबर मोठा देतो. रुंदी मिळते, पण लांबी फुकट वाढते. बूट वाकतो ती रेघ चवड्याच्या पुढे जाते, टाच मागे निसटते, आणि मूल बोटं आवळून बूट पायात धरून ठेवायला लागतं. रुंद साच्याचाच बूट शोधा. युरोपियन नंबरात एका नंबराचा फरक ६.६७ मिमी आणि ब्रिटिश नंबरात ८.४६ मिमी असतो, तेव्हा दोन नंबर मोठा म्हणजे दीड सेंटीमीटरची चूक.

माप संध्याकाळी घ्या, मोजे घालून, दोन्ही पायांवर वजन देऊन उभं करून. बसवून घेतलेलं माप या मुलांत हमखास कमी येतं, कारण वजन पडलं की पाऊल लांबही होतं आणि पसरतंही. सोपी रीत अशी: बुटातला मूळ तळ बाहेर काढा आणि मुलाला त्यावर उभं करा. सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे १० ते १२ मिमी जागा उरली पाहिजे, आणि करंगळीची बाजू काठाबाहेर लोंबता कामा नये. लोंबत असेल तर बूट अरुंद आहे, मग आत कुठलाही इनसोल घाला.

आर्च सपोर्ट घालताना मूळ तळ काढायचाच. एकावर एक ठेवले की टाच वर येते, बुटाचा मागचा घेर खाली पडतो आणि खोल कपाचा सगळा फायदा जातो. ज्या बुटाचा तळ चिकटवलेला असतो तो या कामाचा नाही. बुटाचा मागचा घेर अंगठ्याने दाबल्यावर आत दबू नये, आणि वर लेस किंवा वेल्क्रोची पकड हवी. नुसत्या सरकवून घालायच्या बुटांत इनसोलचा काडीचा उपयोग होत नाही.

घरात मात्र अनवाणीच बरं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका पाहणीत ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांचे ठसे तपासले होते. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के होते, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के, बंद बूट घालणाऱ्यांत जास्त, उघड्या चपला घालणाऱ्यांत कमी. एवढ्यावरून बूट फेकून द्या असं निघत नाही, पण दिवसभर इनसोलसकट बूट घालून ठेवा, हा विक्रेत्यांचा सल्ला तरी ऐकू नये.

स्कॅन करून बनवलेले घ्यावेत का?

दाब मोजणाऱ्या पट्टीवर मुलाला उभं करायचं, रंगीत चित्र काढायचं आणि लाल भाग दाखवून मापाचा इनसोल सुचवायचा, अशी सेवा आता बऱ्याच ठिकाणी मिळते. वजन जास्त तर लाल भाग जास्त. त्यात निदान काही नाही. स्थिर उभ्या पायाच्या चित्रावरून पाय लवचीक आहे की ताठ, पोटरी आखडली आहे का, खुबा ठीक आहे का, यांतलं काहीच कळत नाही. ७ ते ११ वयाच्या, लवचीक आणि आत कलणाऱ्या पायांच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत मापाने बनवलेला, तयार आणि काहीच नाही, असे तीन गट वर्षभर पाहिले, आणि गटांत म्हणावा असा फरक मिळाला नाही. ती चाचणी २००७ ची. स्कॅनची सेवा मुलाला हात न लावता, चालवून न पाहता इनसोल सुचवत असेल तर ती नाकारावी.

वापर आणि निगा

पहिल्या दिवशी एक तास, मग रोज एक-एक तास वाढवत दहा दिवसांत शाळेच्या वेळेपर्यंत. पहिल्या आठवड्यात पोटरीत किंवा कमानीत थोडी ओढ लागते, ती चालते. बूट काढल्यावर उठलेला लाल ठसा वीस-तीस मिनिटांत जायला हवा. तो तसाच राहिला, फोड आला, किंवा गुडघा नव्याने दुखायला लागला, तर इनसोल काढा. सहा आठवड्यांत दुखण्यात काही फरक नसेल तर पुढे रेटू नका.

सोबत पायाला काम द्या, नाहीतर इनसोल हा नुसता टेकू राहतो. चवड्यावर चढणं-उतरणं दहाचे दोन संच, हळूहळू एका पायावर. वाळूत किंवा गवतात अनवाणी चालणं. दुखणं जास्त असेल त्या काळात पोहणं आणि सायकल, म्हणजे पायावर भार न येता हालचाल चालू राहते. शाळकरी मुलांना रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी. ती दहा-दहा मिनिटांत तुकडे करून दिली तरी चालते.

या मुलांच्या पायांना घाम जास्त येतो. इनसोल रोज रात्री बाहेर काढून उभा करून ठेवा. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने पुसा, सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ईव्हीए आक्रसतो आणि कपाचा आकार बिघडतो. बोटांच्या बेचक्यांत पांढरट, ओली त्वचा दिसली तर आधी बुरशीचा इलाज.

दोन जोड एकदम घेऊ नका. तीन ते सहा वयात पाऊल महिन्याला साधारण १ मिमी वाढतं, त्यामुळे सहा महिन्यांत जवळपास एक नंबर सरतो आणि उंचवटा टाचेकडे मागे पडतो. दर तीन-चार महिन्यांनी मुलाला इनसोलवर उभं करून उंच बिंदू कुठे येतो ते पाहा. टाचेखालची जाडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून बघा. आतली बाजू पातळ लागली तर बाहेरून नवा कोरा दिसला तरी तो टाकून द्या, आणि धाकट्या भावंडाच्या बुटात घालू नका.